साखर उतरली की राजा ओरडतो

गावच्या नाटकात राजा नेहमी मीच. अभिनयामुळे नव्हे, आवाजामुळे. माईक बंद पडला तरी मागच्या रांगेत पेंगणाऱ्या म्हाताऱ्याला दचकवील असा आवाज मला मिळालेला, आणि आमच्या घनसावंगीत माईक बंद पडणार हे ठरलेलंच. पडदा सरकला की मी सिंहासनावरून, म्हणजे सरपंचांच्या घरून आणलेल्या सोफ्यावरून, ताडकन उठायचो आणि गरजायचो, "कोण आहे रे तिकडे!" सेवक धावत यायचा, टाळ्या पडायच्या. पुढचे संवाद मला कधीच नीट पाठ नसायचे, पण या एका वाक्यावर मी बरीच वर्षं राज्य केलं.

मग नाटकं बंद झाली, सोफा सरपंचांकडे परत गेला आणि मी बसस्टँडसमोरच्या माझ्या काँप्युटरच्या दुकानात पूर्णवेळ बसू लागलो. फॉर्म भरणं, प्रिंट काढणं, खताच्या दुकानदारांना बिलाचा प्रोग्रॅम लिहून देणं, हा धंदा. या अंकाच्या संपादकांनी "तुमच्या कामातले अनुभव लिहा" असं सांगितलं तेव्हा मी विचारलं, कोणत्या कामातले, काँप्युटरच्या की साखरेच्या? ते म्हणाले, तुम्ही साखर कारखान्यात कधी होता? मी म्हटलं, कारखान्यातली नव्हे हो, माणसांच्या अंगातली.

या कामात मला ओढलं रंगनाथमामांनी. मामा सोयरिकी जुळवतात. सख्ख्या भाच्यांपेक्षा मानलेले भाचे जास्त असल्यामुळे सगळ्या तालुक्याचे मामा. आता या कामाची एक अडचण बघा. मुलीच्या घरी गेलं की चहा, मुलाच्या घरी गेलं की चहा, पाहायचा कार्यक्रम म्हटला की पोहे, बोलणी पुढे सरकली की पेढा, आणि ठरलं की सगळ्यांआधी मध्यस्थाचं तोंड गोड करायचं. नको म्हटलं तर यजमानांचा चेहरा उतरतो. मध्यस्थानेच तोंड फिरवलं म्हणजे या सोयरिकीत काहीतरी खोट आहे, असा अर्थ लगेच निघतो. आणि मामांना मधुमेह. रोज इन्सुलिन. त्यामुळे एका घरात साखर चढलेली, पुढच्या घरात पोहोचेपर्यंत उतरलेली, असा त्यांचा प्रवास.

डॉक्टरांनी त्यांच्या दंडाला मागच्या बाजूने एक सेन्सर लावला. नाण्याएवढी चकती. तिच्या पोटातून केसासारखी बारीक तार कातडीखाली जाते आणि दर थोड्या वेळाने अंगातली साखर मोजून फोनला कळवते. फोन तो आकडा कंपनीच्या दूरच्या काँप्युटरवर पाठवतो. बोट टोचणं वाचतं. साखर फार खाली गेली तर फोन बारीक शिटी मारतो.

मामा फोन घेऊन दुकानात आले ते वैतागूनच. "सुधाकर, हे कुईकुई करतंय म्हणे. मला तर काहीच समजून न्हाई राह्यलं. बैठकीत धा माणसं, धा फोन, सगळेच कुईकुई करून राह्यलेत. माझं कोणतं न् त्यांचं कोणतं?"

"मग कसला आवाज पाहिजे?"

"असा, की बाजूच्या माणसानं उठून मला साखर आणून द्यावी."

मी त्या संध्याकाळी इंटरनेटवर शोधाशोध केली आणि मला एक लायब्ररी सापडली. हा शब्द इथे समजावून सांगायला हवा, कारण माझ्या दुकानात लायब्ररी आल्याचं ऐकून एक निवृत्त गुरुजी ऐतिहासिक कादंबरी मागायला आले होते. प्रोग्रॅम लिहिणारे लोक काही कामं एकदा नीट करून त्याची पुडी बांधून ठेवतात. दुसऱ्याने ती पुडी आपल्या प्रोग्रॅममध्ये सोडायची, म्हणजे ते काम पुन्हा करावं लागत नाही. तिला लायब्ररी म्हणतात. ही पुडी अगदी छोटी होती. तिला आपलं नाव आणि पासवर्ड द्यायचा. ती कंपनीच्या दारावर जाऊन टकटक करते, ओळख पटवते आणि आपलीच साखर आपल्याला आणून देते. तीन गोष्टी आणते: आकडा, वेळ आणि एक बाण. बाण वर असेल तर साखर चढते आहे, खाली असेल तर उतरते आहे. आकड्यापेक्षा मला तो बाणच जास्त आवडतो. आकडा सांगतो आपण कुठे आहोत, बाण सांगतो कुठे निघालो आहोत.

ही पुडी बांधणारा कोण, तर परदेशातला कुणीतरी, ज्याचं आडनाव मला आजही उच्चारता येत नाही. त्याला स्वतःला मधुमेह. त्याने स्वतःसाठी बांधली आणि सगळ्यांसाठी फुकट ठेवून दिली. मी त्याला आभाराचा निरोप पाठवला, सोबत आमच्याकडच्या मोसंब्यांचा फोटो. त्याने उलट विचारलं, याने साखर किती चढते? मला तो माणूस तिथेच आवडला.

पुढचं काम माझं. दुकानातला जुना काँप्युटर दर पाच मिनिटांनी मामांची साखर विचारून येई आणि आकडा सत्तरच्या खाली गेला की मामांच्या फोनला हुकूम देई: ओरड. काय ओरडायचं, हा प्रश्न उरला. घंटा ठेवली तर देवळातली वाटेल, कोंबडा ठेवला तर खुराड्यातला वाटेल. मी दुकानाचं दार लावलं, छाती भरून श्वास घेतला आणि फोनसमोर गरजलो, "कोण आहे रे तिकडे!"

पहिल्यांदा तो वाजला तेव्हा मामा एसटीत होते. अर्धी बस उठून उभी राहिली, कंडक्टर मागे धावत आला आणि मामांना चार बायकांनी चार प्रकारचं गोड दिलं. मामा परत येऊन म्हणाले, "बराबर. बिलकुल हेच पाहिजे होतं."

मग हळूहळू लोक येऊ लागले. कंपनीची शिटी चालू ठेवायचीच, औषधाचं डॉक्टरच सांगतील आणि माझं काम फक्त ओरडण्याचं, हे तीन नियम मी प्रत्येकाला आधी सांगायचो. केदारखेड्याच्या एक ताई नवऱ्याचा फोन घेऊन आल्या. त्यांना आकडा नको होता, नवरा दुपारी गावात जाऊन काय खातो ते हवं होतं. मी म्हटलं, ताई, ही पुडी आकडा आणते, पदार्थ आणत नाही. त्या म्हणाल्या, "वेळ तर आणते ना? वेळ सांगा, पदार्थ मी काढते." आणि काढला त्यांनी. नवरा नंतर मला रस्त्यात भेटला तेव्हा त्याने नमस्कार केला नाही.

एकदा फजितीही झाली. कंपनीने आपल्या दाराचं कुलूप बदललं आणि माझी पुडी बाहेरच उभी राहिली. सकाळपासून एकाही फोनला आकडा मिळेना. मी प्रत्येकाला फोन करून सांगत सुटलो की आज कंपनीच्या शिटीवर लक्ष ठेवा, राजाच्या भरवशावर राहू नका. मामा म्हणाले, "राजा वारला का काय?" दुपारपर्यंत त्या परदेशी माणसाने नवी किल्ली घडवून ठेवलीही होती. मी फक्त उचलून लावली. माझी सगळी ऐट अशी कुणातरी अनोळखी माणसाच्या खिशातल्या किल्लीवर चालते, हे मला त्या दिवशी कळलं. तेव्हापासून मी छाती थोडी कमी काढून चालतो. थोडीच.

मामांचा राजा तर तालुक्यात गाजला. एका बैठकीत लग्न कुणाच्या दारी करायचं यावर दोन्ही बाजू अडून बसल्या होत्या आणि नेमकी मामांची साखर उतरली. राजा गरजला, मामा खिशातला गूळ शोधत उठले. दोन्हीकडच्या लोकांना वाटलं मामा रागावून निघाले, आणि मामांच्या तोंडात गूळ विरघळेपर्यंत जागा ठरून गेली. दुसऱ्या दिवशी मामा दुकानात हजर. "सुधाकर, मला एक बटण करून दे. दाबलं की राजा ओरडला पाहिजे."

मी नाही म्हटलं. हा आवाज साखर उतरल्यावरच येईल. उगाच वाजवला तर एक दिवस खरंच उतरेल आणि कुणी जागचं हलणार नाही. मामा फुरंगटले, पण ऐकलं. तरी बोभाटा व्हायचा तो झालाच. मामा वाटेल तेव्हा राजाला ओरडायला लावतात, असं लोक बोलायला लागले.

आता ज्या गोष्टीसाठी मी एवढी प्रस्तावना केली, ती सांगतो.

एका दुपारी कुंभार पिंपळगावचे भगवानराव दुकानात आले. सोबत मुलगी, प्रतीक्षा. गावातल्या क्लासमध्ये गणित शिकवायची. भगवानरावांनी आत येताच शटर अर्धं खाली ओढलं, तेव्हाच मला कळलं की प्रिंट काढायला आलेले नाहीत. प्रतीक्षाला कॉलेजात असतानाच मधुमेह निघाला होता, लहान वयात होतो तो, ज्याला इन्सुलिनशिवाय इलाज नाही. दंडाला सेन्सर होता, वरून पूर्ण बाहीचा ड्रेस. भगवानराव म्हणाले, आकडा तेवढा तिच्या आईच्या फोनवर दिसू द्या, पण आवाज बिलकुल नको. पोरीच्या लग्नाचं बघून राह्यलो. कुणाला कळता कामा नये.

मी हो म्हटलं. पासवर्ड घालायला प्रतीक्षा खुर्चीवर बसली, भगवानराव गाडी सावलीत लावायला बाहेर गेले. ती मान वर न करता म्हणाली, "काका, आवाज राहू द्या."

"बाबा नको म्हणाले ना?"

"साखर फार उतरली की मला काही सुचतच नाही. शिटी ऐकू येते, पण ती माझ्यासाठी आहे हे कळत नाही. मामांचा राजा मी ऐकलाय. तो कळेल."

मी डोकं खाजवलं. "पासवर्ड कुणाचा आहे?"

"माझा."

"मग हुकूम तुझा." आणि मी राजा तिच्या फोनात बसवला. दुसरा एखादा आवाज घालता आला असता. कोकिळा होती, बासरी होती. पण एका मुलीने माझा आवाज मागून घेतला होता. तुम्ही असता तर कोकिळा घातली असती?

हे मी कुणालाही सांगितलं नाही, मामांनाही नाही. माणसाची साखर पगारासारखी असते. ज्याची त्याने सांगावी.

आणि काही महिन्यांनी मामाच दुकानात येऊन म्हणाले, चल, कुंभार पिंपळगावला जायचं. भगवानरावांच्या पोरीचं जुळत आलंय. मुलगा अंबडचा, मयूर, सरकारी कचेरीत नोकरीला. पाहणं झालं होतं, पसंती झाली होती, आता बोलणी आणि जेवण. मामा बोलणीला नेहमी एक माणूस असा नेतात, जो मुलाकडचाही नाही आणि मुलीकडचाही नाही. त्या दिवशी तो मी. मी मामांना बरंच टाळून पाहिलं. त्यांनी ऐकलं नाही.

भगवानरावांच्या घरी सकाळपासून पुरण शिजत होतं. घरात प्रतीक्षाचं मधुमेहाचं जेवढं सामान होतं, त्या दिवशीचं इन्सुलिन आणि एक सुई सोडून, म्हणजे बाकीच्या सुया, डबे, साखरेच्या गोळ्या, बिस्किटं, ते सगळं भगवानरावांनी पाहुण्यांच्या नजरेला पडू नये म्हणून पुढच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात कोंबून कुलूप लावलं होतं. अकराच्या सुमारास मयूरच्या वडिलांचा, नारायणरावांचा, फोन आला. भगवानरावांनी तो सगळ्यांना ऐकू जाईल असा लावला. "फाट्यावर आलोत. वाढायला घ्या."

आमच्या भागात 'फाट्यावर आलोत' या वाक्याचा अर्थ काय असतो, हे मी बाहेरच्यांसाठी सांगतो. त्याचा अर्थ एवढाच की माणूस या तालुक्यात कुठेतरी आहे, किंवा यायचं त्याच्या मनात आहे. हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक असतं. तरी आपल्या घरी पाहुणे येणार म्हटलं की आम्ही त्यावर विश्वास ठेवतो आणि तळण टाकतो. प्रतीक्षाने विश्वास ठेवला आणि जेवणाआधीचं इन्सुलिन घेतलं. ते घेतलं की थोड्या वेळात जेवावंच लागतं, नाहीतर साखर खाली जाऊ लागते.

पाहुणे तासाभराने आले. उसाचे ट्रॅक्टर आडवे आले म्हणाले. मग पाय धुणं, पाणी, नमस्कार, ओळखी. सतरंजीवर मंडळी टेकली. मयूरची आई, शकुंतलाबाई, नेमक्या त्या लोखंडी कपाटाला पाठ लावून बसल्या. त्या शाळेत शिक्षिका होत्या. बसल्या बसल्या त्यांनी खोलीवर जी नजर फिरवली, तिने मी आपोआप सरळ बसलो. नारायणराव म्हणाले, बोलणी आधी उरकू, मग निवांत जेवू. सगळ्यांनी माना डोलावल्या. आत काय चाललंय हे पुढच्या खोलीत कुणाला दिसत नव्हतं, आणि आतल्या बायकांची रीत अशी, की पाहुण्यांच्या आधी घरातल्या कुणी तोंडात घास घालायचा नाही. त्यातून जिचं लग्न ठरतंय तिने तर नाहीच.

बोलणी मानपानावर आली होती. नारायणराव काहीतरी म्हणाले, भगवानराव काहीतरी म्हणाले आणि दोघं गप्प झाले. त्या शांततेत माझाच आवाज सगळ्या घरात घुमला.

"कोण आहे रे तिकडे!"

सगळ्यांनी मामांकडे पाहिलं. मामांनी स्वतःच्या फोनकडे पाहिलं. मी शेजारीच होतो, मला दिसलं: एकशे अडुसष्ट, बाण आडवा. मामांची साखर मजेत होती. मामांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी छताकडे. पण इतकी वर्षं माणसं वाचत आलेला माणूस तो. माझ्या मानेवरून त्यांना जे समजायचं ते समजलं.

मामांनी फोन पालथा घातला आणि लोडावर कलंडले. "माझी साखर उतरून राह्यली," ते क्षीण आवाजात म्हणाले. नाटक मंडळीत आम्ही या माणसाला का घेतलं नव्हतं, याचं मला त्या क्षणी खरंच वाईट वाटलं. "सुधाकर, जल्दी आत जा. काही गोड घेऊन ये."

शकुंतलाबाई म्हणाल्या, "मामा, तुमच्या राजाबद्दल ऐकून आहोत आम्ही. बोलणी अडली की ओरडतो म्हणे."

मी आत धावलो. प्रतीक्षा भिंतीला टेकून खाली बसली होती. कपाळावर घाम, फोन मांडीवर. तिची आई तिच्या निऱ्या सावरत होती, जणू निऱ्या सुटल्यामुळेच हे सगळं होत होतं. मी म्हटलं, वहिनी, साखर-पाणी द्या. त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "पाहुण्यांचं ताट व्हायचंय अजून."

मी स्वतःच डब्यातली साखर पेल्यात ओतली, पाणी घातलं, बोटानेच ढवळलं आणि पेला प्रतीक्षाच्या तोंडाला लावला. ती प्यायली. पुरणाच्या पातेल्यातून मी मूठभर पुरण उचललं आणि तिला भरवलं. तिच्या आईने डोळे मिटून घेतले.

साखर अंगात भिनायला वेळ लागतो आणि सेन्सरला ते कळायला आणखी थोडा. पाच मिनिटांनी दुकानातल्या काँप्युटरने पुन्हा विचारलं, आकडा अजून खालीच होता, आणि राजा दुसऱ्यांदा गरजला. या वेळी मीही आत, राजाही आत, आणि मामा बाहेर.

बाहेरून शकुंतलाबाईंचा आवाज आला. "मामा, फोन तुमचा इथं पालथा पडलाय. राजा आतून कसा ओरडून राह्यला?"

उत्तरादाखल मामा आणखी जोरात कण्हले.

प्रतीक्षाच्या चेहऱ्यावर आता रंग येत होता. तिने उरलेलं पाणी संपवलं, भिंतीला धरून उठली आणि तो रिकामा पेला हातात घेऊनच पुढच्या खोलीत गेली. मी मागोमाग गेलो, पडलीच तर धरायला. ती पडली नाही. तिने ब्लाउजची लांब बाही वर सारून दंडावरची चकती दाखवली.

"आवाज माझ्या फोनचा आहे," ती म्हणाली. "मला मधुमेह आहे. कॉलेजात असल्यापासून. मामांना काही माहीत नव्हतं. मला हे लपवायचं नव्हतं."

भगवानराव सतरंजीकडे पाहत होते. मयूर सरळ तिच्याकडे पाहत होता, आणि ते मला बरं वाटलं. नारायणराव घसा साफ करून म्हणाले, "हे आधी सांगायला पाहिजे होतं. एवढी मोठी गोष्ट. खोटं बोलून सोयरीक..."

शकुंतलाबाईंनी हात वर केला. वर्गात करत असतील तसा. मग प्रतीक्षाला विचारलं, "साखर उतरते हे माहीत असतं ना तुला? मंग आधी खाल्लं का न्हाईस?"

"जेवायच्या आधी इंजेक्शन घेतलं. घेतलं की पाव तासात जेवावं लागतं." ती क्षणभर थांबली. "फाट्यावर आलोत, असा फोन आल्ता."

शकुंतलाबाईंनी मान हळूहळू नवऱ्याकडे वळवली. "अहो, तुम्ही फोन कुठून केल्ता?"

नारायणरावांनी पंख्याकडे पाहिलं. पंखा बंद होता.

मयूर म्हणाला, "आई, बाबा फोनवर बोलून राह्यले तेव्हा मी दारात गाडी पुसत होतो."

"आणि मी?"

"तू साडी बदलत होतीस."

मामांचं पोट हलायला लागलं. त्यांनी लोडात तोंड खुपसलं, पण उपयोग झाला नाही. आधी ते हसले, मग मी, मग भगवानराव, म्हणजे ते हसत होते की रडत होते हे मला नीट दिसलं नाही. शकुंतलाबाई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "त्यांनी आजार लपवला. आपण अंबडात बसून फाट्यावर होतो. ह्यांच्या लपवण्यानं आपलं काही बिघडलं न्हाई अजून. आपल्या बोलण्यानं ही पोर आत भिंतीला टेकली." मग प्रतीक्षाला म्हणाल्या, "घरी जाऊन आम्ही डॉक्टरांना विचारू. मयूर विचारील, तुझ्यासमोर. मंग हो का न्हाई ते तो सांगील आणि तू सांगशील. मोठ्यांनी मध्ये बोलायचं न्हाई. आता बस इथं आणि जेव. बायांनो, हिला आधी वाढा."

प्रतीक्षाच्या आईने दारातूनच विचारलं, "पाहुण्यांच्या आधी?"

"पाहुणे उशिरा आलेत ना? मंग उशिरा जेवतील."

त्या बैठकीत सोयरीक जुळली नाही. हे मी मुद्दाम लिहितो, कारण सांगताना सगळे ती तिथेच जुळवून टाकतात, मामा तर सगळ्यात आधी. ती जुळली पुढे दीड-दोन महिन्यांनी. मयूर तिच्यासोबत डॉक्टरांकडे जाऊन आला, एकदा माझ्या दुकानातही येऊन बसला, बाण कसा वाचायचा ते विचारून गेला. लग्न कुणाच्या दारी, यावर या वेळी कुणी अडलं नाही. लग्नाच्या दिवशी नारायणरावांचा फोन आला तेव्हा प्रतीक्षाच्या भावाने विचारलं, कोणत्या फाट्यावर? नारायणराव म्हणाले, "निघालो न्हाई अजून." माझ्या माहितीत आमच्या भागात हे पहिल्यांदाच कुणी खरं बोललं.

मला वाटलं, राजाचा विजय झाला. तो माझा समज लग्नानंतर थोड्याच दिवसांनी खोटा ठरला. शकुंतलाबाई स्वतः दुकानात आल्या. म्हणाल्या, "तुमचा राजा परवा माझ्या घरात ओरडला. शेजारचे काठी घेऊन आल्ते. माझ्या घरात परका माणूस ओरडायचा न्हाई. आवाज बदला."

"कोकिळा आहे," मी म्हटलं. "बासरी आहे."

"माझा घाला."

मी माईक पुढे केला. पहिल्यांदा त्या हजेरी घेतल्यासारखं प्रतीक्षाचं पूर्ण नाव बोलल्या. दुसऱ्यांदा वाक्य लांबलं. मी इतक्या वर्षांच्या अनुभवाने सल्ला दिला, ताई, थोडं जोरात घ्या, छातीतून येऊ द्या. त्यांनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं. "जोरात कशाला? तिला ऐकू येतं."

मग त्यांनी माईककडे बघणंच सोडून दिलं. पिशवीतली भाजी नीट लावता लावता, घरात बोलतात तसं बोलल्या. मी पटकन बटण दाबून तेवढंच पकडलं.

त्या गेल्यावर मी ते पुन्हा लावून ऐकलं. मग प्रतीक्षाच्या नावापुढचा माझा आवाज काढला आणि त्या जागी हा घातला. राजा पायउतार झाला. मामांच्या फोनात तो अजून आहे, पण खरं सांगतो, मामाही हल्ली विचारून राह्यलेत की त्या बाईंचा आवाज आपल्याला मिळेल का. मी त्यांना सांगितलं, हुकूम त्यांचा आहे, त्यांना विचारा. अजून विचारायची हिंमत झालेली नाही.

अंबडच्या त्या घरात आता साखर उतरली की कुणी गरजत नाही. प्रतीक्षाच्या फोनातून भाजीच्या पिशवीच्या सळसळीसकट एवढंच ऐकू येतं: "अगं, हातातलं ठेव. आधी खाऊन घे. पाहुणे थांबतील."